वाचकांचे प्रश्न: पियानो, बास आणि ड्रम

गेल्या अंकात माइकशिवाय वाजणाऱ्या जॅझ ट्रिओची ओळख करून दिली होती: पियानो, माणसापेक्षा उंच उभा डबल बास आणि ड्रम. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार भागातून पत्रं आली. बरीचशी पत्रं वाद्य हातात असलेल्यांचीच आहेत, त्यामुळे उत्तरंही थेट कामाची दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

गोव्यातून जुना डबल बास घेतला. प्लायवूडचा आहे म्हणून सांगितलं होतं. जुलैत तारा एवढ्या वर जातात की बोटं सोलून निघतात. मार्च आला की त्याच तारा फिंगरबोर्डवर घासून झिणझिणतात. वाद्यच बाद आहे काय? सांगा की. (खानापूर)

वाद्य बाद नाही. खानापूरचा पावसाळा आणि खानापूरचा मार्च यांत जो फरक आहे, तो बासच्या पोटात दिसतोय. दमट हवेत वरची फळी फुगून किंचित वर येते, तिच्यावर उभी असलेली घोडी (तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी) वर जाते आणि तारा बोर्डापासून लांब जातात. कोरड्या हवेत फळी बसते आणि तारा खाली येतात. प्लायवूडमध्ये हे अखंड लाकडापेक्षा कमी होतं, पण होतंच.

आधी मोजा. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी, बोर्डाचा पृष्ठभाग आणि तारेची खालची कड यांत पट्टी धरा. बोटांनी जॅझ वाजवायला सर्वांत बारीक, ‘जी’ सुराची तार ६ मिलिमीटरच्या आसपास आणि जाड ई तार ९ च्या आसपास असली तर हात चालतो. तुमच्याकडे पावसाळ्यात हा आकडा ११-१२ वर जात असेल. घोडीच्या दोन्ही पायांत धातूची फिरती चाकं आहेत का पाहा. असतील तर काम सोपं. चारही तारा थोड्या सैल करा, दोन्ही चाकं सारखीच अर्धा-अर्धा फेरा फिरवा, परत सुरात आणा आणि पुन्हा मोजा. पूर्ण फेऱ्याला उंची साधारण मिलिमीटरभर बदलते.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. तारा ताणताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डाकडे ओढलं जातं. सुरात आणल्यावर बाजूने बघा: घोडीची मागची, म्हणजे तारा खाली बांधलेल्या बाजूची कड फळीला काटकोनात हवी. झुकली असेल तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी हळूहळू मागे घ्या. तशीच सोडली तर महिन्याभरात घोडी वाकते, आणि वाकलेली घोडी सरळ होत नाही.

चाकं नसतील तर कारागिराकडून बसवून घ्या. मिरजेला सतार-तंबोऱ्याचं काम करणारे कसबी हात आहेत. मात्र बास नेण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. एक, आत उभी असलेली लाकडी दांडी, साउंडपोस्ट, चिकटवायची नाही. ती फक्त दाबावर उभी असते. दोन, कडेचा सांधा उघडला असेल तर फेव्हिकॉल नको, सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा जुना गोंद) हवा. सरसाचा सांधा मुद्दाम लाकडापेक्षा कमकुवत ठेवलेला असतो. ताण आला की सांधा सुटतो आणि फळी वाचते. फेव्हिकॉलने बसवलेला सांधा सुटत नाही, मग फळीच तडकते, आणि पुढचा कारागीर तो गोंद खरवडताना तुमच्या नावाने बोटं मोडतो.

खोलीत चारपाचशे रुपयांच्या आतलं डिजिटल हायग्रोमीटर टांगा. ४० ते ६० टक्क्यांत आर्द्रता राहिली तर उत्तम. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला बास टेकवून ठेवू नका आणि उन्हाळ्यात पंख्याखाली नको.

बोटांचं म्हणाल, तर सगळा दोष उंचीचा नसतो. तार बोटाच्या टोकाने उचलून ओढली की फोड येतात. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून तिच्या बाजूचं मांस टेकवा, दंडाचं वजन सोडा आणि बोट पुढच्या तारेवर येऊन थांबू द्या. डाव्या हाताला खालच्या जागांवर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट. तिसरं चौथ्याला आधार देतं, स्वतंत्र वाजत नाही.

डबल बास परवडत नाही. बास गिटार चालेल का? (चिकोडी)

चालेल. सूर तेच: ई, ए, डी, जी. फरक असा की डबल बासचा सूर उठतो आणि लवकर विरतो, बास गिटारचा रेंगाळतो आणि पियानोचा डावा हात झाकून टाकतो. गुळगुळीत म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावा, गळ्याच्या टोकाशी छेडा, आणि घोडीजवळ तारांखाली स्पंजची बोटभर पट्टी सरकवा. एवढ्यावर बऱ्यापैकी काम भागतं.

मी तबला वाजवतो. मित्राच्या ट्रिओत ड्रमवर बसायला बोलावलंय, तेही ब्रश घेऊन. सुरुवात कुठून करू? (टिळकवाडी, बेळगाव)

पहिली अडचण तुमच्या हातात नाही, कानात आहे. तबल्यात समेवर वजन असतं. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी उचललेली असते, आणि तिथे डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलवर बसवलेली झांजांची जोडी) मिटतो. मेट्रोनोम (ठरल्या लयीत टकटक करणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावा, पण त्या टकटकीला सम समजू नका. ती दोन आणि चार आहे असं धरून मधल्या एक आणि तीन तोंडाने म्हणा. लय आता १२० झाली. सुरुवातीला कान दर दोन मिनिटांनी उलटा पडेल आणि टकटक पुन्हा समेवर जाईल. टकटक जागेवर राहीपर्यंत ड्रमला हात लावण्यात अर्थ नाही.

मग उजव्या हाताची चाल: डिंग, डिंग-क-डिंग, डिंग-क-डिंग. मधला ‘क’ मात्रेच्या अर्ध्यावर येत नाही. मात्रेचे तीन भाग केले तर तो तिसऱ्या भागावर पडतो. लय वाढत गेली की हे अंतर आपोआप सपाट होत जातं आणि फार जलद लयीत जवळजवळ अर्ध्यावर येतं. म्हणून सगळीकडे एकच माप लावू नका.

ब्रश म्हणजे काठीऐवजी धरायचा तारांचा झुपका. त्याचं काम असं. डावा ब्रश स्नेअरवर (समोरचा, खाली तारा लावलेला छोटा ड्रम) गोल फिरतो, उचलायचा नाही, अर्धं वर्तुळ म्हणजे एक मात्रा. उजवा त्याच कातड्यावर वरची चाल हलकेच वाजवतो. दोन्ही हात एकमेकांना आपटत असतील तर डाव्याचं वर्तुळ मोठं झालंय. खरी परीक्षा लय ६० ला असते, जलद लयीत नाही. तिथे डावा हात मध्येच थांबतो आणि ‘हिश्श’ तुटतं.

आणि त्याआधी स्नेअरचं हेड, म्हणजे वरचं ताणलेलं कातडं, तपासा. आपल्याकडे लग्नाच्या बँडमधून आलेल्या सेटवर पारदर्शक गुळगुळीत हेड असतं. त्यावर ब्रश फिरवला की काहीच ऐकू येत नाही, आणि बिचारा वादक जोर लावत बसतो. पांढरं खरखरीत, कोटेड हेड हवं. मधला पांढरा थर झिजून पुसला गेला असेल तर तेवढ्या जागेत आवाज मरतो; तेव्हा हेड बदला. ट्रिओसाठी १४ इंची स्नेअर, १८ किंवा २० इंची बास ड्रम, १२ आणि १४ चे टॉम, २० किंवा २२ ची राइड झांज आणि १४ ची हाय-हॅट पुरते. २२ किंवा २४ चा रॉकचा बास ड्रम आणला तर बासवाल्याचा खालचा अर्धा सप्तक गेला म्हणून समजा.

उजव्या पायाने चारही मात्रा वाजवायच्या, पण पेडलचा गोळा कातड्यापासून चारपाच सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. श्रोत्याला तो ठोका वेगळा ऐकू येता कामा नये. बासच्या सुराला पाया मिळाला, एवढंच जाणवावं.

आता आवर्तन. बऱ्याच जुन्या चाली ३२ बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) असतात: आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा वेगळा. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. ते मोजून धरता येत नाही, चाल मनात गाऊनच धरता येतं. शेवटी चार-चार बारची देवघेव येते. पियानो चार बार वाजवतो, तुम्ही चार. इथे तबलजी हमखास लग्गी-लडीत शिरतो, तिहाई मारतो आणि अर्धा बार जास्त घेऊन परततो. तिहाई घ्यायला हरकत नाही. फक्त ती सतरा मात्रांची नको. चार बार म्हणजे सोळाच.

शाळेच्या सभागृहात जुना उभा पियानो आहे. सॅक्सोफोनवाला म्हणतो सूर जुळत नाही, पियानोवाला म्हणतो जुळतो. कोण खरं? (कॅम्प, बेळगाव)

फोनवरच्या ट्यूनरवर मधल्या सी च्या वरचा ए वाजवा. ४४० यायला हवा. ४३५ आला तर पियानो साधारण २० सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा पाचवा भाग खाली आहे. बास त्याला सहज जुळतो. सॅक्सोफोनचा माउथपीस थोडा बाहेर ओढला की तोही जुळतो. त्याहून जास्त ओढला की वाद्याचे स्वर आपसात बेसूर होतात, आणि मग सॅक्सवाल्याची तक्रार रास्त ठरते.

४१५ आला तर पियानो पुरता अर्धा सूर उतरला आहे. वर्षानुवर्षं हात न लागलेल्या पियानोंत हे नेहमीचं. एका बैठकीत ४४० वर नेण्याचा हट्ट धरू नका. पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण १५ ते २० टन. अर्धा सूर चढवणं म्हणजे प्रत्येक तारेवर सुमारे १२ टक्के जादा ताण. गंजलेल्या तारा तुटतात. जाणता ट्यूनर आधी ढोबळमानाने वर नेईल, काही आठवडे थांबेल, मग बारीक सूर लावेल. लावलेला सूर दुसऱ्याच दिवशी उतरला तर खुंट्यांची लाकडी पकड गेली आहे. तो खर्च मोठा असतो. अशा वेळी ८८ पट्ट्यांचा वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो भाड्याने आणणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, कारण आतला नमदा फुगतो. पियानोच्या आत खाली बसवायचा कमी वॉटचा हीटर रॉड मिळतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालू ठेवा, उन्हाळ्यात बंद. खालचं झाकण काढाल तेव्हा वाळवी आणि उंदीरही बघून घ्या.

मुलगा हार्मोनियम छान वाजवतो. आता जॅझ पियानो शिकून त्यावरच पोट भरायचं म्हणतो. आमच्या भागात हे शक्य आहे का? (निपाणी)

फक्त जॅझवर, आणि फक्त निपाणी-बेळगावात, नाही. पण ‘फक्त एका ट्रिओवर’ तर मोठमोठ्यांचंही चाललेलं नाही, हे त्याला आधी दाखवा. बासवादक रे ब्राउन १९५१ ते १९६६ पियानोवादक ऑस्कर पीटरसनच्या ट्रिओत होते. पुढे लॉस एंजेलिसला स्थायिक होऊन त्यांनी स्टुडिओची कामं केली, शिवाय एका नामांकित चौकडीचं व्यवस्थापनही सांभाळलं. रॉन कार्टर चेलोकडून बासकडे आले, १९६३ ते ६८ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलं, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं. २०१५ मध्ये गिनेसने त्यांच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणं नोंदवली. त्यांतली बहुतेक दुसऱ्यांची आहेत. नॅट किंग कोलचा ट्रिओ १९३७ चा. पियानो, गिटार, बास, ड्रम नाहीच. इतका तयारीचा पियानोवादक अखेर जगभर गाजला तो गायक म्हणून. आपल्याकडे गोव्याच्या वादकांनी मुंबईत तेच केलं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट संध्याकाळी हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात असत.

तेव्हा मुलाची मिळकत चार ठिकाणांहून येईल असं धरून चाला: शिकवण्या, चर्च आणि शाळांतली साथ, लग्न-समारंभ, आणि ऑक्टोबर ते मार्च गोव्याच्या हॉटेलांचा हंगाम. बेळगावकरांना चोर्ला घाट उतरला की गोवा, हा आपल्या भागाचा मोठा फायदा आहे. कारवारला तर तोही घाट नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या संगीत परीक्षा देता आल्या तर द्याव्यात. हॉटेलवाला प्रमाणपत्र विचारत नाही, पण शिकवणी लावणारे पालक विचारतात.

हार्मोनियमवाल्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. डावा हात आजवर भात्यावर होता, तो आता वाजवणार. आणि आवाजाचं लहानमोठं आता भात्यातून येणार नाही, बोटाच्या वजनातून येणार. म्हणून हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर वर्ष घालवू नये.

डाव्या हाताला पहिला धडा हा द्या. जॅझमध्ये सर्वांत जास्त येणारी तीन कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार स्वर) साखळी म्हणजे डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. सी ला सा धरा. पूर्ण कॉर्ड दाबायची नाही, मूळ सूर बासवाल्याकडे सोडायचा. डाव्या हाताने फक्त दोन-दोन स्वर: म आणि सा, मग म आणि नी, मग ग आणि नी. नीट बघा, दर वेळी एकच बोट एक घर सरकतं. सा चा नी झाला, मग म चा ग झाला. हे बाराही पट्ट्यांत डोळे मिटून यायला हवं. हार्मोनियमवाल्याला काळी दोन, पांढरी चार असं पट्टी बदलणं माहीत असतं, त्यामुळे तो हे लवकर उचलतो. खूळ लागतं ते मूळ सूर डाव्या हातात दाबून ठेवण्याचं. मग बास आणि पियानो एकाच जागेवर चिखल करतात.

तिसरी गोष्ट वाचन. स्टाफ नोटेशन आणि कॉर्डची चिन्हं वाचणाऱ्याला ऐन वेळी फोन येतो. कानावर वाजवणारा कितीही गुणी असला तरी त्याला आधी दोन तालमी द्याव्या लागतात, आणि हॉटेलच्या कामात तालमीचे पैसे कोणी देत नाही.

पैशांचं पहिल्याच दिवशी ठरवा. समजा २४,००० रुपयांचं काम आहे. गाडीचे ३,००० आणि पियानो ट्यूनिंगचे ३,००० आधी बाजूला काढायचे, उरलेले १८,००० तिघांत सारखे. बासवाल्याने स्वतःच्या हिश्श्यातून गाडी करायची, ही पद्धत चांगल्या-चांगल्या ट्रिओंना मोडते. लेखी घ्या: ४५ मिनिटांच्या किती बैठका, ट्यूनिंग कोणाच्या खर्चाने, जेवण-मुक्काम, अर्धे पैसे आगाऊ, आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती मिळणार. ठरावीक रकमेच्या वर आयोजक १० टक्के टीडीएस कापतात, म्हणून पॅन आणि रीतसर बिल ठेवा.

समुद्राकाठच्या आमच्या छोट्या हॉटेलात ट्रिओ ठेवायचा आहे. साठेक खुर्च्या. साउंडवाला आठ माइक सांगतोय. (कारवार)

साठ खुर्च्यांना ड्रमवर एकही माइक नको. ड्रमवर माइक आला की बासचा आवाज वाढतो, मग पियानोचा, आणि पाहुणे टेबलावर ओरडून बोलायला लागतात. बासला छोटा अ‍ॅम्प, डिजिटल पियानो असेल तर त्याला एक स्पीकर, बोलण्यासाठी एक माइक. संपलं. जवळच्या टेबलापाशी फोनच्या अ‍ॅपवर ७० ते ७५ डेसिबल दिसले की थांबा.

बसायची रचना अशी: बासवाला मधे, पियानोवाल्याला त्याची डावी बोटं दिसावीत आणि ड्रमरला पियानोवाल्याचा चेहरा. तिघंही दोन मीटरच्या आत. बासचा अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका, खालचे सूर घुमतात. खुर्चीवर ठेवला तर जमिनीची घुमघुम कमी होते. बासच्या घोडीतला पिझो पिकअप (घोडीची थरथर टिपणारा तुकडा) थेट मिक्सरला जोडला की आवाज चिरका आणि पातळ येतो. मधे किमान १ मेगाओम इनपुटचा प्रीअ‍ॅम्प (मिक्सरआधी आवाज सावरणारी छोटी पेटी) लावा आणि ४० हर्ट्झच्या खालचं कापा. बासची सर्वांत खालची ई ४१ हर्ट्झची आहे, त्याच्याखाली नुसता गडगडाट असतो. शीळ वाजायला लागली तर प्रीअ‍ॅम्पवरचं फेजचं बटण उलटं करून बघा, आवाज कमी करण्याआधी.

फरशी आणि काच भरपूर असेल तर ड्रमखाली सतरंजी आणि मागे जाड पडदा. उघड्यावर असाल तर रात्री १० नंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, शेवटची बैठक साडेनऊला संपवा. खारी हवा तारांना आणि झांजांना खाते. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसायला सांगा.

जुन्या अमेरिकन चाली वाजवायला परवाना लागतो का? (बेळगाव)

सार्वजनिक कार्यक्रमात, हक्क शाबूत असलेल्या चालींना लागतो, आणि तो काढायची जबाबदारी वादकांऐवजी आयोजकाने किंवा हॉटेलने घ्यावी, तसं करारात लिहा. रचनांचे हक्क आयपीआरएस ही संस्था बघते. भारतात हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मध्यंतरात रेकॉर्डिंग लावणार असाल तर तो परवाना वेगळा.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? (हल्याळ)

तीन ट्रिओ पुरेत. अहमद जमाल यांचं जानेवारी १९५८ मधलं शिकागोच्या पर्शिंग हॉटेलातलं ध्वनिमुद्रण: पियानो किती वेळ गप्प बसतो ते मोजा आणि व्हर्नेल फोर्निएचे ड्रम ऐका. ऑस्कर पीटरसन, रे ब्राउन आणि एड थिगपेन, १९५९ नंतरचं: ब्रश शिकणाऱ्यांनी थिगपेन सोडू नये. आणि बिल इव्हान्स, स्कॉट लाफारो, पॉल मोशन यांचं २५ जून १९६१ चं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं. त्या रविवारी दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका झाल्या. लाफारोचा बास तिथे नुसती साथ करत नाही, पियानोशी बोलतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला, वय २५.

ऐकताना पहिल्यांदा सगळं, दुसऱ्यांदा फक्त बास, तिसऱ्यांदा फक्त हाय-हॅट. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास नसतोच.

बास एसटीच्या टपावरून नेता येईल का? (खानापूर, दुसरं पत्र)

नाही. ईको किंवा बोलेरोसारख्या गाडीत, पुढची डावी सीट मागे झोपवून, बास कुशीवर ठेवा. पाठीवर नको आणि पोटावर तर नकोच, सगळं वजन घोडीवर येतं. वाद्य जवळजवळ १८० सेंटिमीटर लांब असतं, गाडी ठरवण्याआधी टेप लावा. घोडीच्या दोन्ही बाजूंना उशी, गळ्याखाली गुंडाळलेली चादर. तारा अर्ध्या सुराने उतरवल्या तर चालतं. चारही एकदम सैल करू नका, आतला साउंडपोस्ट पडतो आणि तो पुन्हा उभा करायला बेळगावात माणूस शोधावा लागतो.